भुयारातला राक्षस आणि समीक्षकांची मापं

गेल्या अंकात ‘द डिसेंट’ या ब्रिटिश भयपटाविषयी लेख आला होता. सहा मैत्रिणी अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरांतल्या एका अनोळखी गुहेत उतरतात, वाट बंद होते आणि आत कुणीतरी राहत असल्याचं कळतं, अशी त्याची कथा. लेखक-दिग्दर्शक नील मार्शल, साल २००५. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. शेवटाविषयीच्या प्रश्नात चित्रपटाचा शेवट उघड होतो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी तेवढा प्रश्न सोडून पुढे जावं.

परीक्षणांची बेरीज दाखवणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर या चित्रपटाला ८७ टक्क्यांच्या आसपास आणि तशाच मेटाक्रिटिकवर ७१ असे आकडे दिसतात. चित्रपट एकच, मग एवढा फरक का? खरं कुणाचं मानायचं? (कराड)

दोन्ही खरे आहेत, कारण दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतात. रॉटन टोमॅटोजचा टक्का म्हणजे गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी किती जणांना चित्रपट एकंदरीत पसंत पडला, एवढंच तो सांगतो. समजा दहा समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला पाचपैकी तीन तारे दिले. दहाही जणांचं मत ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ असं. तिथे टक्का १०० येईल. त्याच दहा परीक्षणांची सरासरी काढली तर ती शंभरात ६० भरेल. मेटाक्रिटिक ही सरासरीची पद्धत वापरतं, आणि त्यातही काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन देतं. म्हणून ८७ आणि ७१ एकत्र वाचले की अर्थ लागतो: बहुतेकांना आवडला, अनेकांना चांगलाच आवडला, पण सगळे भारावून गेले असं नाही.

भयपटांच्या बाबतीत तिसरं माप आणखी फसवं असतं, ते म्हणजे अमेरिकेतलं सिनेमास्कोर. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांकडून ते अक्षरी श्रेणी गोळा करतात. पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकाला जाहिरातीत दाखवलं तेच हवं असतं आणि भयपट त्याला मुद्दाम अस्वस्थ करून घरी पाठवतो, त्यामुळे श्रेणी घसरते. घराखालच्या तळघरात घडणारा ‘बार्बेरियन’ (२०२२) घ्या. समीक्षकांचा टक्का नव्वदीच्या पुढे आणि सिनेमास्कोर सी प्लस! हा विरोधाभास नाही. दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळे प्रश्न विचारल्यावर हेच होणार.

आमची शिफारस अशी: टक्का पाहिल्यावर त्याच पानावर किती परीक्षणं मोजली आहेत ते बघा. पंधरा परीक्षणांवरचा ९३ आणि दीडशेंवरचा ८७ यांत दुसरा जास्त भरवशाचा. मग तीनच परीक्षणं पूर्ण वाचा. एक डोक्यावर घेणारं, एक झोडपणारं आणि एक मधलं. झोडपणाऱ्याची तक्रार तुम्हाला स्वतःला खुपेल का, हे कळलं की निर्णय झाला.

त्याच वर्षी ‘द केव्ह’ नावाचा चित्रपटही आला होता. गुहा तीच, राक्षस तेच, अडकलेली माणसं तीच. एकाचं कौतुक झालं आणि दुसऱ्यावर टीका, हे कसं? (सांगली)

या प्रश्नात भुयारी भयपटाच्या परीक्षणाचं सगळं मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिला मुद्दा राक्षस कधी दिसतो हा. ‘द डिसेंट’ ९९ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ अर्ध्या वाटेपर्यंत त्यात राक्षस धडपणे दिसतच नाही. तोवर भीती गुहेचीच असते. नायिका सारा अरुंद फटीत सरपटताना अडकते, तिचा श्वास चढतो, वरचा कातळ कुरकुरायला लागतो. खोल दरीवरून दोराने पार होताना हात सोलवटतात. त्यातलं काहीही अशक्य नाही, म्हणून प्रेक्षकाचा विश्वास बसतो आणि पुढे क्रॉलर, म्हणजे गुहेतले राक्षस, आले की तेही विश्वासाने स्वीकारले जातात. शिवाय पहिल्याच काही मिनिटांत साराच्या कुटुंबाचा अपघात घडतो, त्यामुळे ती गुहेत उतरते तेव्हा तिच्या डोक्यात काय चाललं आहे हे आपल्याला ठाऊक असतं. सहांपैकीच एक असलेली जुनो आणि सारा यांच्यातली अढी जमिनीवरच तयार झालेली असते. बहुतेक परीक्षणांनी हीच बाजू उचलून धरली.

दुसरा मुद्दा उजेडाचा. छायाचित्रकार सॅम मॅकर्डी यांनी पात्रांच्या हातात किंवा डोक्यावर जो दिवा आहे, उजेड त्याचाच वाटेल अशी शिस्त पाळली. हेल्मेटवरचे दिवे, लाल फ्लेअर, हिरवट रासायनिक कांड्या, हँडीकॅमचं रात्रीचं दृश्य. त्यामुळे पडद्याचा मोठा भाग काळा राहतो, आणि रंगावरून कोण कुठे आहे याचा अंदाजही येतो. गुहेत कुठूनतरी निळा चंद्रप्रकाश येत असल्यासारखं दिसलं की जाणकार समीक्षक तिथेच खूण करून ठेवतो.

तिसरा मुद्दा जागेचा. चित्रपटातली गुहा खरी नाही. खऱ्या गुहेत चित्रीकरण धोक्याचं आणि वेळखाऊ, म्हणून कलादिग्दर्शक सायमन बोल्स यांनी लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत २१ गुहा उभ्या केल्या. बाहेरची जंगलाची दृश्यं स्कॉटलंडमधली. उभारलेल्या गुहेचा फायदा असा की भिंत हलवून कॅमेरा हवा तिथे ठेवता येतो आणि तरीही चौकट अरुंदच ठेवता येते.

‘द केव्ह’मध्ये पाण्याखालचं चित्रीकरण देखणं आहे. ते वेस स्किल्स या नावाजलेल्या गुहा-पाणबुड्या छायाचित्रकाराचं काम, आणि त्याची दाद कठोर समीक्षकांनीही दिली. पण पात्रं एकमेकांपासून वेगळी ओळखू येत नाहीत, हल्ल्यांच्या दृश्यांत शॉटचे तुकडे इतके लहान की कोण कुणावर झेपावलं ते समजत नाही, आणि कुमारवयीन प्रेक्षकांना चालेल असं पीजी-१३ प्रमाणपत्र असल्याने हिंसा पडद्यावर टोकाला जात नाही. राक्षसाच्या अंगावर नजर ठरू दिली नाही तर पहिल्या हल्ल्यात भीती वाटते, तिसऱ्या हल्ल्यात कंटाळा.

कौतुकातही मतभेद होते. क्रॉलर दिसू लागल्यावर ‘द डिसेंट’ नेहमीच्या रक्तपाताकडे वळतो, आणि सहाही जणी सारख्याच पोशाखात, अंधारात असल्याने कोण कोण ते लवकर कळत नाही, या दोन तक्रारी काहींनी केल्या. दुसरी आम्हालाही पटते. पहिली पटत नाही, कारण उत्तरार्धात रक्त आहे तसं जुनो आणि सारा यांच्यातलं प्रकरणही तिथेच पूर्ण होतं. २००५च्या ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म पुरस्कारांत मार्शल सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले आणि संकलनासाठी जॉन हॅरिस यांना तांत्रिक कामगिरीचा पुरस्कार मिळाला. याच हॅरिस यांनी पुढे २००९मध्ये दुसरा भाग दिग्दर्शित केला.

छायाचित्रणाचं एवढं कौतुक वाचून घरी टीव्हीवर चित्रपट लावला. निम्मा वेळ काळा पडदाच बघितला. समीक्षकांनी नेमकं काय पाहिलं? (मिरज)

समीक्षकांनी तो चित्रपटगृहात पाहिला, आणि मोठा फरक तिथेच पडतो. पण टीव्हीवरही बरंच सुधारता येतं. या क्रमाने करून बघा.

आधी खोलीतला दिवा घालवा, निदान पडद्यावर पडणारा तरी. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये वीजबचत किंवा ‘इको’ पर्याय बंद करा आणि खोलीतल्या उजेडानुसार पडदा आपोआप मंद करणारा सेन्सरही बंद करा. अंधाऱ्या दृश्यात हे दोघं मिळून पडदा आणखी विझवतात. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ बंद. तो काळ्याला अधिक काळं करतो आणि कातळावरचा पोत गिळून टाकतो. हालचाल गुळगुळीत करणारा पर्यायही बंद करा.

आता नेमकी जुळवणी. बऱ्याच टीव्हींवर ‘ब्राइटनेस’ म्हणजे काळ्याची पातळी असते आणि उजेड वाढतो तो ‘बॅकलाइट’ने. दोन्हींची गल्लत झाली की लोक ब्राइटनेस भरमसाट वाढवतात आणि सगळी गुहा राखाडी होते. हा चित्रपट रुंद चौकटीचा असल्याने टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. हेल्मेटच्या दिव्याचं एखादं दृश्य थांबवा, ब्राइटनेस हळूहळू वाढवा, पट्ट्या राखाडी व्हायला लागल्या की एक-दोन पायऱ्या मागे या. मग बॅकलाइट डोळ्यांना सोसेल तेवढा वाढवा.

तरीही अंधारात चौकोनी ठिपके किंवा पट्टे दिसले तर दोष टीव्हीचा नाही, येणाऱ्या चित्राचा आहे. दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये सर्वांत आधी बळी जातो तो गडद भागातल्या बारकाव्यांचा. अॅपमधला डेटाबचत पर्याय बंद करा आणि एचडीसाठी निदान ५ एमबीपीएस वेग सलग मिळतोय का ते तपासा. सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप एचडीएमआयने जोडला असेल तर दोन्हीकडे काळ्याची पातळी ‘लिमिटेड’ किंवा दोन्हीकडे ‘फुल’ अशी सारखीच हवी. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं असेल तर सावल्या बुजतात.

चित्रपटगृहातही हा दोष येतो. पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडाचं प्रमाण चौरस मीटरला ४८ कँडेला ठरलेलं आहे. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा वापराचे तास भरत जातात तसा मंदावतो, आणि काही प्रोजेक्टरवर थ्रीडीची काच साध्या खेळालाही तशीच राहते. अशा वेळी नुसतं ‘अंधार आहे’ म्हणून उपयोग नाही. थ्रीडीची काच काढली आहे का आणि दिव्याचे तास किती झाले, हे दोन प्रश्न व्यवस्थापकाला विचारा. आवाजाचंही तसंच. क्रॉलर आंधळे आहेत, आवाजावर शिकार करतात, त्यामुळे या चित्रपटाची अर्धी भीती शांततेत आहे. चित्रपटगृहातल्या डॉल्बी यंत्रावर आवाजाची संदर्भपातळी ७ असते, पण पुष्कळ ठिकाणी ती ५च्याही खाली ठेवतात. मग दूरवरची टकटक ऐकूच येत नाही.

अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या चित्रपटाला चारपैकी चार तारे दिले असं वाचलं. खरं का? (वाई)

चार तारे खरे, नाव चुकीचं. ते परीक्षण ईबर्ट यांच्या संकेतस्थळावर आलं, पण लिहिलं जिम इमर्सन यांनी. २००६च्या उन्हाळ्यात ईबर्ट आजारी होते. परीक्षण उद्धृत करताना लेखकाचं नाव बघण्याची सवय ठेवा. एकाच मथळ्याखाली अनेक जण लिहितात.

ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत शेवट वेगळा दाखवला म्हणे. मग परीक्षणं कोणत्या शेवटाची? (विटा)

ब्रिटनमध्ये चित्रपट ८ जुलै २००५ला लागला. आदल्याच दिवशी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते, आणि स्फोट झालेल्या बसवर याच चित्रपटाची जाहिरात होती. प्रसिद्धीमोहीम बदलावी लागली. पहिल्या ब्रिटिश परीक्षणांभोवतीचं वातावरण असं होतं. अमेरिकेत तो वर्षभरानंतर, ऑगस्ट २००६मध्ये आला आणि शेवटचा सुमारे एक मिनिट कापून आला.

अमेरिकी आवृत्तीत सारा गुहेबाहेर पडते, गाडीत बसते, शेजारी जुनो दिसून दचकते आणि चित्रपट संपतो. ब्रिटिश आवृत्तीत त्या दचकण्यानंतर ती पुन्हा गुहेत जागी होते. सुटका हा भास होता. समोर तिची मेलेली मुलगी वाढदिवसाचा केक घेऊन बसलेली दिसते आणि क्रॉलरांचे आवाज जवळ येत जातात. पहिला शेवट धक्का देतो. दुसरा सबंध चित्रपटाचा अर्थ बदलतो, कारण साराला बाहेर पडायचंच नाही असंही वाचता येतं. आमच्या मते ब्रिटिश शेवटच खरा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की बेरजेच्या संकेतस्थळांवर दोन्ही देशांतली परीक्षणं एकाच टक्क्यात मिसळली आहेत. शेवटाबद्दल तक्रार किंवा स्तुती वाचाल तेव्हा समीक्षक कोणत्या देशातला आणि परीक्षणाची तारीख काय, हे आधी बघा. दुसरा भाग मात्र सारा वाचली असं धरून, म्हणजे अमेरिकी शेवटावरून सुरू होतो. ब्रिटिश आवृत्ती पाहून लगेच तो लावलात तर गोंधळाल.

‘तुंबाड’चं २०१८मध्येच कौतुक झालं होतं, मग गर्दी २०२४मध्ये कशी झाली? समीक्षकांचं कुणी ऐकत नाही असंच ना? (सातारा)

ऐकतात, पण सावकाश. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक या विभागाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. तो मान मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट. १२ ऑक्टोबर २०१८ला आपल्याकडे लागला, आणि नंतर छायाचित्रण, कलादिग्दर्शन व ध्वनी या तिन्हींसाठी फिल्मफेअर मिळालं. पुरस्कार नेमके कोणत्या खात्यांचे ते बघा. भुयारी भयपट याच तीन खात्यांवर उभा राहतो. वाड्याखालच्या देवीच्या गर्भात, कंदिलाच्या उजेडात, पिठाच्या बाहुलीभोवती हस्तर हा राक्षस येतो, तेव्हा लाल ओलसर भिंतींची किळस आणि मोहरांची हाव एकाच चौकटीत असतात. छायाचित्रकार पंकज कुमार यांचं ते काम परीक्षणांनी एकमुखाने वाखाणलं.

पण स्तुती छापून येईपर्यंत पडदे कमी झाले. पुढची सहा वर्षं चित्रपट ओटीटीवर आणि तोंडोतोंडी फिरत राहिला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. हे समीक्षेचं अपयश म्हणता येणार नाही. ज्यांनी २०१८ची परीक्षणं वाचून घरी पाहिला, तेच २०२४मध्ये दहा जणांना घेऊन गेले.

आमचा महाविद्यालयीन गट १५ मिनिटांचा भुयारी भयपट करणार आहे. आगाशिवची लेणी किंवा लिंबची बारा मोटेची विहीर वापरावी का? परीक्षक कशावर बोट ठेवतात? (कराड)

दोन्ही ठिकाणं सुंदर आहेत, पण तुमच्या कथेला ती शोभतात का हे आधी ठरवा. सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट. चुनखडीतल्यासारख्या लोंबत्या क्षारस्तंभांच्या अजस्र गुहा आपल्याकडे होत नाहीत. लेणी माणसाने कोरलेली, सरळ भिंतींची. कथा जुन्या कोरीव भुयाराची असेल तर चालेल. नैसर्गिक विवराची असेल तर पहिल्याच दृश्यात परीक्षकाला खोटं वाटेल. संरक्षित स्मारकात चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. वटवाघळं असतील तर दिवे आणि आवाज दोन्ही वर्ज्य. विहिरीत ओल्या पायऱ्या, खोल पाणी आणि अंधार हे तिन्ही एकत्र येतात, तिथे रात्रीचं चित्रीकरण करू नका.

खरी जागा म्हणजे चांगलं परीक्षण, असंही नाही. ‘अॅज अबव्ह, सो बिलो’ (२०१४) पॅरिसच्या खऱ्या कॅटाकोम्बमध्ये चित्रित झाला आणि तरीही बहुतेक समीक्षकांनी नापसंत केला.

त्यापेक्षा एखाद्या गोदामात १० बाय ८ फुटांचा बोगद्याचा तुकडा उभा करा. बांबूचा किंवा लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी चुरगाळून ठोकायची, वर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पातळ कालवणात बुडवलेलं गोणपाट. एकदम जाड थर दिलात तर वाळताना तडे जाऊन खपल्या पडतात. दोन पातळ थर द्या, मध्ये पूर्ण वाळू द्या. कालवण थोडं थोडं करा, पंधरा-वीस मिनिटांत ते घट्ट होतं. रंगात काळ्याबरोबर गेरू आणि राखाडी मारा. नुसता काळा कॅमेऱ्यात सपाट दिसतो. चित्रीकरणाआधी पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून फवारा, ओल टिकते आणि दिवा पडला की कातळ चमकतो. सांगाड्याला चाकं लावा. तोच तुकडा उलटा फिरवून, दगड बदलून चार वेगळ्या वाटा दाखवता येतात.

उजेडासाठी हेडलॅम्प पूर्ण प्रखरतेवर ठेवा आणि पुढे पातळ बटर पेपर लावून मंद करा. बटणाने मंद केलेले पुष्कळ एलईडी प्रत्यक्षात वेगाने चालू-बंद होत असतात आणि कॅमेऱ्यात पट्टे येतात. फ्रेमरेट २५, शटर १/५० ठेवलंत तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवेही लुकलुकणार नाहीत. गोणपाटाच्या सेटवर मशाल पेटवू नका. जनरेटर गोदामाच्या आत कधीही लावू नका, त्याच्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही.

परीक्षक हमखास बोट ठेवतात ते दिशेवर. पात्रं डावीकडून उजवीकडे आत जात असतील तर बाहेर येताना उलट यावीत. भुयाराचा नकाशा कागदावर काढा आणि प्रत्येक शॉटचा क्रमांक त्यावर लिहा. आवाज सेटवर कोरडा येतो, घुमारा नंतर संकलनात द्या, पण रुंद जागेला जास्त आणि फटीत कमी. आणि राक्षसाचा मेकअप कलाकारांपासून लपवून ठेवा. ‘द डिसेंट’मध्ये पहिली गाठ पडेपर्यंत अभिनेत्रींना क्रॉलर दाखवले नव्हते. मात्र पळण्याची वाट आणि पडण्याची जागा आधी दिवसाउजेडी चालवून घ्या, नाहीतर दचकलेला कलाकार खरोखरच पाय मोडून घेईल.

आठवीतल्या मुलाबरोबर बघावा का? परीक्षणांत वयाचं काही लिहिलेलं नसतं. (तासगाव)

‘द डिसेंट’ नको. ब्रिटनमध्ये त्याला १८ वर्षांवरचं प्रमाणपत्र होतं आणि त्यातली हाडं मोडण्याची दृश्यं फार खरी आहेत. ‘तुंबाड’ही ‘ए’ प्रमाणपत्राचा. आपल्याकडे २०२४पासून ‘यूए’मध्ये ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आले आहेत, नव्या चित्रपटांसाठी ते बघा. भुयारातला राक्षस दाखवायचाच असेल तर ‘ट्रेमर्स’ (१९९०) लावा. राक्षस जमिनीखालचे, चित्रपट भर उन्हातला, रक्त बेताचं आणि परीक्षणं आजही उत्तम. पहिला अर्धा तास मात्र सोबत बसा.